मेण कुणी हाताळलं, ते आधी विचारा

व्हाइट हाउसमधल्या ओव्हल ऑफिसचे फोटो पाहताना एका वस्तूवर नजर हमखास थबकते. मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला घोडा, त्याच्या पाठीवर कसाबसा तग धरलेला काउबॉय, हवेत उगारलेला चाबूक. अमेरिकी शिल्पकार फ्रेडरिक रेमिंग्टनचं ब्राँझमधलं ‘ब्राँको बस्टर’, म्हणजे बेफाम घोड्याला वठणीवर आणणारा. १९७०च्या दशकापासून अनेक राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत हे शिल्प त्या खोलीत राहिलं आहे. याच घोडेस्वाराची प्रत ऑनलाइन दुकानात, संगमरवरी बैठकीसकट, एखाद्या साध्या मोबाइलच्या किमतीत मिळते. आणि जुनी प्रत लिलावात लाखो डॉलरना जाते. मग वाद पेटतो: यातलं खरं कोणतं? एक बाजू म्हणते, रेमिंग्टन २६ डिसेंबर १९०९ रोजी वारला, त्यानंतर ओतलेलं प्रत्येक ब्राँझ नकली. दुसरी म्हणते, ब्राँझ मुळातच साच्यातून निघतं, त्यात अस्सल-नक्कल असं काही नसतंच. हे सगळे श्रीमंत संग्राहकांचे चोचले.

दोन्ही बाजू चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात. ब्राँझ कसं ओततात याची चौकशी न करताच दोघं न्याय द्यायला बसले आहेत. माझं म्हणणं असं की मृत्यूची तारीख ही ब्राँझच्या खरेपणाची सीमा नव्हे. पण सगळ्या प्रती सारख्या, हेही धडधडीत असत्य आहे. साचा कशावरून घेतला, मेण कुणी हाताळलं, आणि ओतायला कुणाची संमती होती, यांची उत्तरं मिळाल्याशिवाय ‘खरं’ आणि ‘खोटं’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. आणि ही उत्तरं शिल्पाखालच्या पाटीवर लिहिलेली असलीच पाहिजेत.

मराठी वाचकाची अडचण थोडी वेगळी आहे. ओतीव मूर्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मधुच्छिष्ट विधान येतं. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ते वर्णिलेलं आहे: मेणाची मूर्ती घडवायची, तिला मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण वाहू द्यायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा आणि शेवटी माती फोडायची. या रीतीत मेणही जातं आणि साचाही जातो. मूर्ती एकच उरते, तिची जुळी बहीण असूच शकत नाही. त्यामुळे ‘मूळ एक, बाकी नकला’ ही समजूत आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. युरोप-अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, मात्र गोष्ट निराळी होती. तिथे शिल्पकाराने घडवलेली माती किंवा तिच्यावरून घेतलेलं प्लास्टर सांभाळून ठेवत आणि त्यावरून पुन्हा पुन्हा साचे घेत. ‘मूळ’ म्हणावं असं ब्राँझ तिथे पहिल्यापासूनच नव्हतं. मूळ असलंच तर ते प्लास्टर, आणि ते तर कुणी दिवाणखान्यात ठेवत नसे!

रेमिंग्टनचं आयुष्य या प्रश्नासाठी अगदी नेमकं उदाहरण आहे. ‘पश्चिमेचा’, म्हणजे काउबॉयच्या पश्चिम अमेरिकेचा, शिल्पकार म्हणून जग त्याला ओळखतं, पण त्याचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या कँटन या गावी १८६१ साली झाला. येल विद्यापीठाच्या कलाशाळेत तो काही काळ शिकला. १८८१ साली मोंटानाची फेरी, १८८३ साली कॅन्ससमध्ये मेंढ्यांचा व्यवसाय, तोही लवकरच गुंडाळलेला. पुढे वारंवार प्रवास, पण ठाण मांडून पश्चिमेत राहणं असं नव्हतंच. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकी सरकारनेच सांगून टाकलं की आता वस्ती कुठे संपते आणि मोकळा मुलूख कुठे सुरू होतो, अशी सरहद्दीची रेषा उरलेली नाही. म्हणजे ज्या पश्चिमेचं तो शिल्प घडवणार होता ती संपल्याची नोंद आधीच झालेली होती, आणि हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या उपनगरात, न्यू रोशेलमध्ये, जमवलेली खोगिरं, बंदुका आणि चामडी पोशाख यांच्या गराड्यात बसून तिला आकार देत होता. ‘अस्सल’ या शब्दावर तावातावाने बोलणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. शिवाय त्याचं नाव झालं ते नियतकालिकांतल्या चित्रांमुळे, हजारोंनी छापल्या जाणाऱ्या. प्रत काढणं हाच त्याचा धंदा होता.

शिल्पाकडे तो वळला तो अपघातानेच म्हणायचा. शेजारच्या नाटककार ऑगस्टस थॉमस यांच्या आवारात फ्रेडरिक रकस्टल हा शिल्पकार एका अश्वारूढ पुतळ्याचं काम करत होता. ते पाहता पाहता रेमिंग्टनला माती हातात घ्यावीशी वाटली. १८९५ साली ‘ब्राँको बस्टर’ तयार झालं, त्याचे हक्क नोंदवले गेले. त्याच सुमारास ओवेन विस्टर या लेखक मित्राला त्याने कळवलं की आपली तैलचित्रं काळवंडतील, जलरंग उडून जातील, पण ब्राँझमध्ये आपण टिकून राहू. १९०७-०८ मध्ये त्याने आपली कितीतरी जुनी चित्रं स्वतःच्या हाताने जाळली. आपल्या नावावर काय राहावं याबद्दल हा माणूस बेफिकीर नव्हता, हे यातून दिसतं. पुढच्या युक्तिवादाला ते लागणार आहे.

आता कामाची बाजू. ‘ब्राँको बस्टर’च्या पहिल्या प्रती न्यूयॉर्कच्या हेन्री-बोनार्ड फाउंड्रीत वाळूच्या साच्यात ओतल्या गेल्या, साठाहून अधिक. या पद्धतीत मेण नसतंच. प्लास्टरच्या नमुन्याचे सोयीने तुकडे करतात: घोड्याचं धड, स्वार, शेपूट, हात. बारीक, चिकट, किंचित ओलसर वाळू लोखंडी चौकटीत नमुन्याभोवती ठोकून बसवतात. नमुना बाहेर काढताना जिथे तो वाळूत अडकेल, म्हणजे बगल, लगामाखालची फट, पोटाची आतली बाजू, तिथे वाळूचे सुटे ठोकळे बनवून ते आधी काढून घ्यावे लागतात. आत वाळूचाच गाभा टांगतात, म्हणजे शिल्प पोकळ निघतं. तुकडे वेगवेगळे ओतून खिळ्या-पाचरांनी जोडतात आणि सांधे छिन्नी, कानस, पंच यांनी मिटवतात. या शेवटच्या कामाला फाउंड्रीत चेसिंग म्हणतात, आणि ते शिल्पकार करत नाही. ते पगारी कारागीर करतात. घोड्याच्या मानेवरच्या केसांची जी धारदार रेघ आपण वाखाणतो, ती अनेकदा अशा कारागिराच्या पंचची असते, ज्याचं नाव कुठल्याही पाटीवर नाही.

वाळूच्या पद्धतीत प्रती एकसारख्या निघतात, पण शिल्पकाराला मधे हात घालायला जागा उरत नाही. जितके आतबाहेर वळलेले भाग जास्त, तितके ठोकळे वाढतात, आणि तितके सांधेही. ‘द वूंडेड बंकी’ (१८९६) मध्ये दोन घोडे दौडत आहेत आणि एक सैनिक जखमी सोबत्याला घोड्यावर सावरून धरतो आहे. असली रचना वाळूत ओतणं म्हणजे कारागिराची परीक्षाच. रेमिंग्टनला तर याहून अवघड हवं होतं. घोडा हवेत हवा होता.

१९००च्या सुमारास तो ब्रुकलिनमधल्या रोमन ब्राँझ वर्क्सकडे गेला. इटलीहून आलेल्या रिकार्डो बर्तेल्लीची ही फाउंड्री मेणाच्या पद्धतीने ओतकाम करायची. इथे प्लास्टरवर जिलेटिनचा साचा घेत. जिलेटिन लवचिक असल्याने खाचाखोचांतून न तुटता सुटून येतं. त्या साच्यात आतून वितळलेलं मेण फिरवून चार-पाच मिलिमीटरचा थर बसवायचा. हीच पुढे ब्राँझची जाडी होणार. साचा सोडवला की हातात येतं ते पोकळ मेणाचं शिल्प. आणि इथेच सारी गोम आहे: मेण मऊ असतं. रेमिंग्टन फाउंड्रीत जायचा, हत्यारं घेऊन बसायचा, आणि प्रत्येक मेण नव्याने हाताळायचा. शेपटीचा झोक बदल, टोपीची कड वाकव, काउबॉयच्या चामडी पायघोळावर, म्हणजे विजारीवरून चढवायच्या आवरणावर, लोकर उठव. म्हणून रोमन ब्राँझच्या ‘ब्राँको बस्टर’मध्ये काही पायघोळ गुळगुळीत आहेत, तर काही लोकरीचे. या नुसत्या प्रती नव्हेत, हे पाठभेद आहेत, आणि ते खुद्द कर्त्याने केलेले आहेत.

पुढचं काम फाउंड्रीचं. मेणाच्या पोकळीत प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा गाभा भरतात. मेण निघून गेल्यावर हा गाभा अधांतरी राहणार, म्हणून मेणातून आरपार धातूच्या पिना ठोकून तो बाहेरच्या साच्याला अडकवतात. धातू आत यायला आणि हवा बाहेर जायला मेणाच्याच कांड्यांचं जाळं जोडतात, रनर आणि रायझर. मग सगळ्यावर प्लास्टर-विटेचा जाड लेप. भट्टीत हा गोळा काही दिवस तापवतात. मेण वाहून जातंच, पण उरलेला अंशही जळायला हवा. ही घाई जिथे होते तिथे फजिती ठरलेली. आत ओल किंवा जळकं मेण राहिलं तर सुमारे ११०० अंश सेल्सियसचा धातू शिरताच वायू उसळतो आणि पृष्ठभागावर देवीच्या वणासारखी छिद्रं पडतात. धातू थोडा थंड असला तर लगामासारख्या बारीक भागात पोहोचण्याआधीच गोठतो. गाभा हलला तर एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ आणि दुसरीकडची जाड. जाड भाग शेवटी थिजताना आत आक्रसून पोकळी धरतो. मागच्या दोन पायांवर तोललेल्या घोड्यात हा प्रश्न जीवघेणा, कारण सगळं वजन घोट्यांपाशी येतं. धातू किती लागणार हे मेणाच्या वजनावरून ठरवतात, ढोबळमानाने दहापट, शिवाय रनर-रायझरमध्ये अडकणारा वेगळा. मेणाच्या वजनावरून धातू काढण्याचा हिशोब ‘मानसोल्लासा’तही आहे, पदार्थविज्ञान ब्रुकलिनमध्ये काही बदलत नाही.

या पद्धतीने रेमिंग्टनला काय दिलं ते १९०२च्या ‘कमिंग थ्रू द राय’मध्ये दिसतं. चार काउबॉय, चार घोडे, पिस्तुलं झाडत भरधाव निघालेले. सोळा खुरांपैकी मोजकेच जमिनीला टेकतात, आणि एक घोडा तर पूर्ण हवेत, शेजारच्याच्या आधारावर. संगमरवरात हे अशक्य. तिथे पोटाखाली झाडाचा बुंधा द्यावा लागला असता. २०१७ साली या शिल्पाची एक प्रत लिलावात १ कोटी डॉलरच्या वर गेली.

आता शुद्धतावाद्यांचं म्हणणं घेऊ, आणि ते त्याच्या सर्वांत भक्कम रूपात घेऊ. ते म्हणतील, तुम्हीच सांगितलंत की रेमिंग्टन मेण हाताळायचा. मग तो गेल्यावर मेण कोण हाताळणार? त्याची पत्नी इव्हा हिने १९१८ साली मृत्यू येईपर्यंत प्रती काढणं चालू ठेवलं. त्या प्रतींत त्याचा हात नाही, त्याची नजर नाही, बिघडलेलं मेण फेकून द्या असं म्हणणारं कुणी नाही. हे मान्य. पूर्णपणे मान्य. १९१५ची प्रत आणि १९०५ची प्रत यांत फरक आहे, आणि तो फरक कलेचा आहे, निव्वळ बाजाराचा नव्हे.

पण हाच निकष शेवटपर्यंत लावायची तयारी आहे का? हात हाच पुरावा असेल, तर १८९५ ते १९०० मधल्या हेन्री-बोनार्डच्या वाळूतल्या प्रतींचं काय करायचं? रेमिंग्टन तेव्हा धडधाकट होता, न्यूयॉर्कमध्येच होता, त्याने त्या पसंत केल्या, विकल्या. त्यांतलीच एक १८९८ साली स्पेनविरुद्धच्या युद्धातून परतलेल्या ‘रफ रायडर्स’ पलटणीने थिओडोर रूझवेल्टला भेट दिली. आणि त्यांच्यात रेमिंग्टनच्या बोटांचा ठसा मेणातल्या प्रतींपेक्षा कितीतरी कमी आहे. हयातीतली प्रत म्हणून ती खरी, पण हाताचा निकष लावला तर ती उणी. मग निकष हयात की हात? दोन्ही एकदम लावता येत नाहीत.

‘द स्टँपीड’ घ्या. रेमिंग्टन अचानक, वयाच्या ४८व्या वर्षी, अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला तेव्हा हे शिल्प ब्राँझमध्ये उतरायचं होतं. सॅली जेम्स फार्नम या शिल्पकार मैत्रिणीने ते मार्गी लावलं आणि १९१० साली ते ओतलं गेलं. हयातीतली प्रत या शिल्पाला नाहीच. मग काय, ‘द स्टँपीड’ रेमिंग्टनचं नाही म्हणायचं? मृत्यूच्या तारखेची रेघ मारणाऱ्यांकडे याला उत्तर नाही.

ही रेघ युरोपात नेली तर आणखी अनर्थ होतो. फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँला ‘नरकाचं द्वार’ या दरवाज्याचं काम १८८० साली मिळालं. १९१७ साली तो गेला तेव्हाही ते ब्राँझमध्ये ओतलेलं नव्हतं. जगात आज उभी असलेली त्याची सगळी ब्राँझ रूपं मरणोत्तर आहेत. पण रोदँने १९१६ साली आपली कामं आणि ती ओतण्याचे हक्क फ्रेंच राष्ट्राच्या स्वाधीन केले होते. त्याने जाणूनबुजून, कायदेशीर कागदावर, आपल्यामागे हे काम चालू राहावं अशी तजवीज केली. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या मोठ्या रोदँ प्रदर्शनात या द्वाराची नुकतीच ओतलेली प्रत ठेवली तेव्हा कलासमीक्षकांत चांगलीच जुंपली. रोदँची इच्छा आणि प्लास्टर दोन्ही हाताशी असताना ते ओतायचंच नाही, असं म्हणणाऱ्यांना काय हवं होतं? प्लास्टरवर धूळ बसू द्यायची?

याउलट फ्रेंच चित्रकार एदगार दगा. तोही १९१७ सालीच गेला. कार्यशाळेत मेणाच्या आणि मातीच्या सुमारे दीडशे आकृत्या निघाल्या, कित्येक मोडक्या. त्याने हयातीत एकही ब्राँझमध्ये ओतली नव्हती. वारसांनी त्यांतल्या सत्तरेक आकृत्या एब्रार फाउंड्रीत ओतून घेतल्या, प्रत्येकीच्या वीसहून अधिक प्रती. संमतीचा निकष लावला तर रोदँची मरणोत्तर ब्राँझ दगाच्या ब्राँझपेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभी आहेत. दोघं एकाच वर्षी वारले, दोघांची ब्राँझ मरणोत्तर, आणि तरीही दोन्ही प्रकरणं एका पारड्यात बसत नाहीत. तारखेने काय ठरलं मग?

इथवर वाचून दुसरी बाजू खूश झाली असेल. बघा, म्हणजे सगळ्या प्रतीच! थोडं थांबा. या बाजूचंही जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. रेमिंग्टनने ब्राँझ विकण्यासाठीच काढली. ‘ब्राँको बस्टर’ टिफनी या जवाहिऱ्यांच्या दुकानात २५० डॉलरना मिळायचं, आणि रोमन ब्राँझने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढल्या. त्याच्या शिल्पांचे हक्क कधीच संपले, त्यामुळे आज कुणीही त्यांच्या प्रती ओतू शकतो. तो गुन्हा नाही. ज्याला घोडा आवडला आणि ज्याच्याकडे लाखो डॉलर नाहीत, त्याने टेबलावर स्वस्तातली प्रत ठेवली तर नाक मुरडायचं कारण नाही. ‘दुर्मीळ’ हा शब्द बाजार बऱ्याचदा मुद्दाम घडवतो, हेही खरं. फ्रान्समध्ये आज आठ क्रमांकित आणि चार कलाकाराच्या, अशा बारा प्रतींपर्यंतच ब्राँझ ‘मूळ’ मानतात; तेराव्या प्रतीत धातू काही बदलत नाही.

पण ‘आकार तोच, मग फरक काय?’ हे वाक्य मात्र चूक आहे, कारण आकार तोच नसतो. दुकानातल्या स्वस्त प्रती रेमिंग्टनच्या प्लास्टरवरून आलेल्या नाहीत. त्या कुठल्यातरी तयार ब्राँझवर साचा घेऊन काढलेल्या आहेत, आणि पुष्कळदा अशा प्रतीच्याही प्रतीवरून. फ्रेंचमध्ये याला सुरमुलाज म्हणतात. ब्राँझ थिजताना लांबीत साधारण दीड टक्का आक्रसतं, मेणही थोडं आक्रसतं. म्हणजे प्रत्येक पिढीत दोन टक्क्यांच्या आसपास घट. साठ सेंटिमीटरचं शिल्प एका पिढीत सेंटिमीटरभर खुजं होतं, तीन पिढ्यांत तीन-साडेतीन सेंटिमीटर. आणि घट फक्त मापाची नसते. जुन्या ब्राँझवर पॅटिना, म्हणजे धातूवर चढलेला रंगीत थर, असते, मेणपॉलिश असतं, वर्षानुवर्षं पुसून झिजलेले उंचवटे असतात. साचा हे सगळं इमानाने उचलतो. नाकपुडीची कड बोथट होते, लोकरीच्या पायघोळाची लोकर लापशी होते, लगामाचं चामडं घोड्याच्या मानेत विरघळतं. ते लपवायला कारागीर छिन्नी घेऊन रेघा मारतो, आणि आता रेमिंग्टनच्या घोड्याचे केस त्या अनामिक कारागिराने ठरवलेले असतात, ज्याने मूळ पाहिलेलंच नाही.

मराठीत ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये. प्रतीवरून प्रत उतरवताना ज्ञानेश्वरीत पाठ बिघडत गेले, म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. शब्द तेच आणि ओव्याही त्याच, मग फरक काय, असं तेव्हा कुणी नाथांना विचारलं असतं तर? फरक कुठल्या प्रतीवरून उतरवलं याचा असतो.

खरी लबाडी मात्र याहून पुढे आहे. साचा ब्राँझवरून घेतला की शिल्पावर खोदलेली सहीही उचलली जाते. ‘रोमन ब्राँझ वर्क्स’ हा शिक्काही उचलला जातो, जरा पुसट. ती प्रत कालपरवा, दुसऱ्याच खंडातल्या फाउंड्रीत निघालेली असते. तरीही तिच्या अंगावर लिहिलेलं असतं की ती १९०५च्या ब्रुकलिनमध्ये जन्मली. हे नक्कल करणं नव्हे, हे खोटी साक्ष देणं आहे. आणि ‘अहो, सगळ्या प्रतीच’ म्हणणारे आपली उदार वृत्ती मिरवताना नेमकी याच साक्षीवर पांघरूण घालतात. ज्या बिचाऱ्याने आयुष्यभराच्या बचतीतून एक ‘जुना रेमिंग्टन’ घेतला, तो श्रीमंत संग्राहक नसतो. त्याला या उदारतेचा काय उपयोग?

कायद्याने हे ओळखलेलं आहे. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१च्या हुकूमनाम्याने सुरमुलाजवर ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द न पुसता येईल असा कोरणं बंधनकारक केलं. अमेरिकेत, कायदा नव्हे पण, कॉलेज आर्ट असोसिएशन या कलाक्षेत्रातल्या संस्थेने १९७४ सालीच ब्राँझवरून काढलेल्या प्रतींविरुद्ध भूमिका जाहीर केली. प्रत काढायला बंदी नको, पण प्रतीने स्वतःला प्रत म्हणावं. फ्रान्सचा नियम नेमका एवढंच मागतो. यात कुणाचं काय बिघडतं?

‘मग कॅलिपर (अंतर मोजायचं हत्यार) घ्या आणि मोजा, झालं!’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो अर्धाच उपयोगी. एकूण उंची मोजण्यात अर्थ नाही, कारण उगारलेला हात आणि चाबूक थोडे वाकलेले असू शकतात, आणि रेमिंग्टन स्वतः मेण बदलायचा. मोजायचं ते जे तो सहसा हलवत नसे: बैठकीची लांबी-रुंदी, मागच्या खुरांमधलं अंतर, खोगिराच्या पुढच्या मुठीपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर. आणि हे मोजमाप शंभर टक्के विश्वासाच्या प्रतीशी ताडायचं. पण आता त्रिमितीय स्कॅन करून आकृती दोन टक्के वाढवून छापता येते, म्हणजे आक्रसण्याचा पुरावाच पुसला जातो. म्हणून धातूला विचारावं लागतं. क्ष-किरण तपासणीत मिश्रधातू कळतो. सिलिकॉन ब्राँझ, म्हणजे तांब्यात चारेक टक्के सिलिकॉन आणि किंचित मँगनीज, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात पसरलं. १९०५ सालच्या म्हणवणाऱ्या घोड्यात ते सापडलं तर पुढे बोलायचं कारण नाही. जस्त भरमसाट असलं, पितळेकडे झुकणारं, तरी शंका घ्यावी. बैठकीखाली पाहावं. रोमन ब्राँझच्या प्रतींवर तिथे साधा अनुक्रमांक ठोकलेला असतो. ‘१२/१००’ असा अपूर्णांक दिसला तर तो नंतरच्या काळाचा रिवाज आहे. संगमरवरी बैठक दिसली तर सावध व्हावं, कारण रेमिंग्टनची शिल्पं सहसा स्वतःच्याच ब्राँझ बैठकीवर उभी असतात. आणि टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या आमोन कार्टर संग्रहालयात रोमन ब्राँझच्या जुन्या खातेवह्या आहेत. अनुक्रमांक त्यांच्याशी पडताळता येतो. यातली कुठलीच गोष्ट एकटी पुरेशी नाही, हे मात्र खरं.

माझ्या मांडणीतला एक कच्चा दुवा मीच दाखवतो. एब्रार फाउंड्रीने दगाच्या मेणावरून आधी एक ब्राँझ संच ओतला, आणि विक्रीच्या सगळ्या प्रती त्या ब्राँझवरून काढल्या. तो पहिला संच पुढे सापडला आणि १९७७ पासून कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहात आहे. म्हणजे जगातल्या नामवंत संग्रहालयांतली दगाची बहुतेक ब्राँझ तांत्रिक अर्थाने सुरमुलाज आहेत, आणि मापाने त्या पहिल्या संचापेक्षा किंचित लहान. मग त्यांना काय अडगळीत टाकायचं? मुळीच नाही. मेणं नाजूक होती. दर प्रतीसाठी त्यांच्यावर साचा घेतला असता तर ती राहिलीच नसती. कारण रास्त होतं. म्हणून सुरमुलाज हा शब्द शिवीसारखा वापरू नये. तो एक माहितीचा शब्द आहे, जसा ‘दुसरी आवृत्ती’.

आणि संग्रहालयांना ही माहिती देता येते याचा दाखलाही दगाच देतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्या चौदा वर्षांच्या नर्तिकेखाली एक तारीख नाही, दोन आहेत: नमुना सुमारे १८८०, ओतकाम १९२२. पाहणारा क्षणभर थांबतो, आकडे वजा करतो आणि त्याला कळतं की मधे एक माणूस वारला आहे. रेमिंग्टनच्या घोड्याखाली अशाच दोन तारखा असाव्यात, शेजारी फाउंड्रीचं नाव आणि वाळू की मेण हे, आणि साचा प्लास्टरवरून घेतला की दुसऱ्या ब्राँझवरून. पाटीवर जेमतेम दीड ओळ जाईल.